मागे राहणाऱ्याचं ताट

“एक मागं राहिला की बाकीचे पुढं जातेत,” असं दादा म्हणायचे, आणि म्हणताना उजवा पाय खरोखरच एक पाऊल मागे घ्यायचे. गर्दीत उभे असले की मागच्या माणसाच्या पायावर पाय पडायचा. तो ओरडायचा, हे माफी मागायचे, पण वाक्य पुरं करूनच.

मीरा रोडच्या हाटकेश भागात आमचं स्टीलचे डबे बनवायचं युनिट आहे. आमचं म्हणजे शेठचं. मी तिथे ऑफिस सांभाळते. बिलं, हजेरी, फोन आणि शेठचा राग, एवढं माझ्याकडे असतं. सगळा कारखाना त्यांना दादा म्हणायचा, वयानं मोठा असलेला शेठसुद्धा. मीही इथे दादाच म्हणते. नाव सांगितलं तर भाईंदरच्या खारी गावातली निम्मी माणसं ओळखतील, आणि ज्या माणसानं आयुष्यात स्वतःचं नाव कधी पुढे केलं नाही त्याचं मी आता कशाला करू.

दादा बफिंगला होते. फिरत्या कापडी चाकावर डबा दाबून धरायचा आणि तोंड दिसेल इतका चमकवायचा, हे त्यांचं काम. डबा उजळतो आणि माणूस काळा होतो. तोंडाला फडकं बांधलं तरी कपाळ, मान, कान, सगळं काजळासारखं. कामावर या लोकांचे फक्त डोळे आणि दात दिसतात.

मी नोकरीला लागले त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी ऑफिसच्या दारात एक गोरा, नीटनेटका, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातला माणूस येऊन उभा राहिला. मला वाटलं, कुठल्यातरी पार्टीचा माणूस पेमेंट मागायला आलाय. मी आवाज चढवून म्हटलं, “शेठ नाहीयेत. उद्या या.”

“ताई, उद्या तर येणारच हाय. हजेरी लावायला,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. रोज समोरून जाणारा माणूस मला पहिल्यांदा दिसत होता. मागे कारखान्यातली सगळी पोरं हसत होती. दादा पण हसले. “माझी लेकरं म्हणतेत, पप्पा घरी येतात ते दुसरेच असतेत.”

हा पहिला धक्का. अगदीच साधा होता, पण त्या माणसानं पुढे मला जे जे हादरे दिले त्यांची सुरुवात तिथे झाली म्हणून सांगते. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा असेल. आपण त्याला रोज बघतो, त्याच्याबद्दल कौतुकानं बोलतो, आणि आपल्याला त्याच्यातलं काहीएक ठाऊक नसतं.

आमच्याकडे डबे रद्दीच्या कागदात गुंडाळून खोक्यात भरतात. दादांना रद्दीचा फार नाद. चहाच्या सुट्टीत ते पॅकिंगला जाऊन बसायचे आणि हाताला येईल ते वाचायचे. जुनं वर्तमानपत्र, गुजराती लग्नपत्रिकेतलं ओळखू येईल तेवढं, कुठल्यातरी शाळेतून आलेलं गणिताचं फाटकं पुस्तक. गणिताचं असलं की सुट्टी संपल्याचंही भान राहायचं नाही. शेठ ओरडायचा, “दादा, पढने आए हो या काम करने?”

“पढने से कागज घिसता नहीं, सेठ,” दादा म्हणायचे आणि पान नीट घडी घालून ठेवून उठायचे. आम्हाला वाटायचं, गंमत आहे. म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाला काहीतरी चाळा लागतो, कुणाला तंबाखूचा, कुणाला रद्दीचा.

त्यांचं घराणं मराठवाड्यातलं, परभणीच्या पलीकडचं. बौद्ध कुटुंब. घरात जमीन नव्हती, पण शिकायचं एवढं मात्र पक्कं ठरलेलं होतं. सगळ्यांनी शिकायचं तर कमवायचं कुणी, म्हणून या घरानं आपली एक रीत पाडली होती. थोरल्यानं मागे राहायचं. दादांचे थोरले चुलते दुसऱ्याच्या शेतावर सालगडी राहिले, म्हणून दादांचे वडील चार बुकं शिकून शाळेत शिपाई झाले. त्या वडिलांना चार मुलं. थोरले दादा. ते नववीत असताना शाळेतून निघाले आणि भाईंदरला मामाकडे आले. मामा खारीला राहायचे, स्टीलच्या कामात होते. दादांनी पाठवलेल्या पैशावर एक भाऊ मास्तर झाला, आता पालघरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. बहीण सरकारी दवाखान्यात सिस्टर झाली. धाकटा बँकेत लागला. एक मागे राहिला आणि तिघं पुढे गेले. दादा सांगायचे तेव्हा त्यांची छाती अशी फुगायची की समोरच्याला आपल्याच घरची गोष्ट वाटावी.

मागे राहणाऱ्याचा या घरात मान होता. घरात कुणाचाही निकाल लागला, पास झाला, की जेवण करायचं. त्या जेवणाचं पहिलं ताट मागे राहिलेल्याला. पास झालेल्यानं ते स्वतःच्या हातानं वाढायचं आणि त्यानं पहिला घास घेईपर्यंत उभं राहायचं. घरात साहेब येवो की गुरुजी, आधी कुणी जेवायचं नाही.

दादांची मुलगी प्रज्ञा बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा मला जेवायला बोलावलं होतं. खारीतली चाळीतली खोली, चकाचक पुसलेली, भिंतीवर भाच्यांचे पदवीचे फोटो. प्रज्ञानं ताट वाढलं, बापापुढे ठेवलं आणि उभी राहिली. तिच्या मागे मास्तर भाऊ उभे, सिस्टर आत्या उभी. मी पाहुणी, तरी मीही आपोआप उठले. दादांनी घास घेतला आणि खोलीत सगळे एकदम बसले. मला भरून आलं. गिरगावातून मीरा रोडला येताना आम्ही बऱ्याच गोष्टी बरोबर आणल्या, पण असं काही आमच्याकडे कधी नव्हतंच. घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, याला म्हणतात घर.

तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हेच म्हटलं असतं. ती मुलगी ताटाकडे कशी बघत होती, हे तुमच्याही लक्षात आलं नसतं.

प्रज्ञा फार्मसीला गेली. कॉलेज वसईच्या बाजूला. फीचा प्रश्न नव्हता, स्कॉलरशिप होती. पुढच्या वर्षी तिचा धाकटा भाऊ सम्यक पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, होस्टेलवर. दादा कामावर गुणगुणत असायचे. मग दिवाळीच्या आसपास माल उठेना म्हणून शेठनं ओव्हरटाइम बंद केला. मी विचारलं तर दादा म्हणाले, “बघू की ताई. आजवर झालं तसं होईल.”

त्यानंतर काही महिन्यांनी डबे परत यायला लागले. डब्यावर चरा राहतोय, अशी पार्टीची तक्रार. पॉलिश दादांचं. शेठ चिडला आणि माझ्या लक्षात आलं की दादांना चरा दिसतच नाहीये. मी म्हटलं, चष्मा करा. ते टाळायला लागले.

“चष्मा लावला की लोकांना वाटतं माणूस शिकलेला हाय. मग फॉर्म भरून द्या म्हणतेत.”

शेवटी एका शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटलो तशी मी त्यांना रिक्षात कोंबलं आणि मीरा रोड स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. ते तिकडे कधी फिरकत नसत. खारी ते हाटकेश आणि हाटकेश ते खारी, एवढंच त्यांचं शहर.

दुकानात काउंटरमागे दुकानाचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी पाठमोरी उभी राहून फ्रेमी पुसत होती. दाराची घंटी वाजली तशी वळता वळता म्हणाली, “या सर, बसा.”

ती प्रज्ञा होती.

मला आधी वाटलं, दुसरी कुणी तिच्यासारखी दिसणारी. मग काउंटरखाली तिची कॉलेजची बॅग दिसली, उघड्या चेनमधून पांढऱ्या एप्रनची बाही बाहेर आलेली. सकाळी घरून निघताना आई जी बॅग हातात देते ती. मी दादांकडे बघायचं टाळलं.

दुकानाचा मालक मागून म्हणाला, “सर को फ्रेम दिखाओ.”

दादा स्टुलावर बसले. ती एकेक फ्रेम काढून त्यांच्या नाकावर ठेवायला लागली. ते सरळ समोर बघत होते.

“कधीपास्नं?”

“दिवाळीनंतर.”

“कॉलेज?”

“सोडलं.”

“का?”

“सम्यक शिकतोय ना, पप्पा. ओव्हरटाइम पण बंद झालाय, मी ऐकलं होतं तुमचं बोलणं. आणि थोरली मीच आहे.”

मला हादरवलं ते पुढचं. ती घाबरलेली नव्हती. चोरी पकडली गेल्याची शरम तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती वाट बघत होती. मार्कांची पत्रिका बापाच्या हातात देऊन पोर जसं तोंडाकडे बघत उभं राहतं, तशी. तिला शाबासकी हवी होती.

दादांनी एक फ्रेम निवडली. डोळे तपासून घेतले. सगळं झाल्यावर मालकाला “थँक्यू” म्हणाले आणि बाहेर आले.

बाहेर फुटपाथवर भाजीवाले, रिक्षांचे हॉर्न, नेहमीची गडबड. दादा दुकानाच्या पायरीशी थांबले. मला वाटलं आता ते ओरडतील, शिव्या देतील, निदान परत आत जाऊन तिला हाताला धरून बाहेर आणतील. ते हळू आवाजात म्हणाले, “ताई, हिला हे कुणी शिकवलं?”

माझी जीभ तिखट आहे, सगळे म्हणतात. मी म्हटलं, “तुम्हीच, दादा.”

ते तिथेच पायरीवर बसले. येणारी-जाणारी गिऱ्हाईकं त्यांना वळसा घालून आत जात होती. मी बोलले त्याचा मला पश्चात्ताप नाही, पण तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी भाऊ-बहिणीला घरी बोलावलं. धाकट्याला बँकेच्या कामामुळे जमलं नाही. मलाही बोलावलं, कारण कॉलेजात बोलायला कुणीतरी इंग्रजी येणारं पाहिजे होतं. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, स्वयंपाक केला होता. ही बाई इतक्या वर्षांत माझ्याशी “चहा घेता?” याच्या पलीकडे बोललेली नव्हती.

दादांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. प्रज्ञानं कॉलेज सोडलं, दुकानात लागली, सम्यकसाठी.

मग मास्तर भाऊ उठले. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. त्यांनी वहिनींच्या हातातलं वाढलेलं ताट घेतलं, प्रज्ञापुढे ठेवलं आणि उभे राहिले. “दादा,” ते म्हणाले, “तुझी लेक शोभते रे. आमच्या पिढीत तू, हिच्या पिढीत ही.”

सिस्टर आत्यापण उभी राहिली, डोळ्याला पदर लावून. प्रज्ञाचा चेहरा उजळला.

मी थक्क होऊन बघत होते. हा माणूस शाळेत शिकवतो. गावात कुणाचं पोरगं शाळेत आलं नाही तर त्याच्या घरी जाऊन बापाशी भांडतो. ही बाई हॉस्पिटलात नोकरी करते. आणि दोघं एका चांगल्या शिकणाऱ्या मुलीनं शिक्षण सोडलं म्हणून तिचा सत्कार करत होते, खऱ्या मायेनं, खऱ्या कृतज्ञतेनं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच भयंकर होतं.

प्रज्ञानं घास उचलला. दादांनी हात लांब करून ताट ओढून घेतलं. वरण सांडलं.

“ठेव तो घास,” ते म्हणाले.

“दादा?” मास्तर म्हणाले.

“मी मागं राहिलो न्हाई. मला ठेवलं.”

ते प्रज्ञाकडे बघत होते, पण बोलत होते सगळ्यांशी.

“नववीत होतो मी. गणितात वर्गात पहिला. शाळेला निघालो होतो, तर दारात बाबांनी खांद्यावरचं दप्तर काढलं आणि याच्या खांद्यावर अडकवलं.” त्यांनी भावाकडे बोट केलं. “तू तवा तिसरीत. तुझ्या गुडघ्यापर्यंत येत होतं ते. मला म्हणाले, तू थोरला, तू मामाकडं जा. मी रडलो. कुणी बघितलं न्हाई, कारण सगळे माझं कौतुक करत होते.”

मास्तर उभेच होते. “तू कधी बोलला नाहीस.”

“बोललो असतो तर तू शिकला असतास का?”

मास्तर भिंतीला टेकले आणि खाली बसले, आणि सगळ्यांदेखत रडायला लागले. अख्खं आयुष्य आपण ज्याच्या खुशीवर उभे आहोत असं समजत होतो, ती खुशी नव्हतीच, हे पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला एका रविवारी दुपारी कळलं. मलाही तेव्हाच कळलं की रद्दीतलं गणित हा चाळा नव्हता.

“मला रोज वाटतं,” दादा म्हणाले, “की मी शिकायला पाहिजे होतं. तुम्ही ताट वाढता तवा पण वाटतं. गोड लागायचं म्हणून मी ती गोष्ट सांगत राहिलो. पोरीनं ती खरी मानली.” मग प्रज्ञाला म्हणाले, “तुझ्यावर हे ताट येऊ नये म्हणून मी ते खाल्लं. तूच हात धुऊन बसलीस?”

प्रज्ञा म्हणाली, “मग सम्यकचं कोण बघणार?”

दादा भावाकडे वळले. “आजवर मी काही मागितलं न्हाई. आता मागतो. सम्यकचं तुम्ही तिघं बघा.”

सिस्टर आत्या एकदम म्हणाली, “अरे, आधी का नाही सांगितलंस?” आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. खरं तर आधी विचारायचं तिनंच होतं. माणसाला एकदा देव केला की त्याला तू जेवलास का, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. त्या घरात सगळी भली माणसं होती. कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजात गेलो. हजेरी भरत नव्हती, टर्म गेली होती. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, वर्ष पुन्हा करावं लागेल. प्रज्ञा मान खाली घालून उभी. मी बाईंशी वाद घालायच्या तयारीत होते, तर दादा मध्येच म्हणाले, “एकच वर्ष ना?”

“हो, एकच.”

“बस, एकच,” ते मला म्हणाले, आणि जिन्यातून उतरताना चक्क हसले.

त्यानंतर रोज सकाळी ते तिला भाईंदर स्टेशनपर्यंत सोडायला जायला लागले. ती वैतागली. “पप्पा, मी काय केजीत आहे?”

“केजीतल्या पोरावर भरोसा असतोय,” दादा म्हणाले. “तुझ्यावर न्हाई.”

नवा चष्मा लावून ते बफिंगला बसायचे. डबे परत यायचे थांबले. त्यांचं ते वाक्य मात्र मी पुन्हा कधी ऐकलं नाही. नवीन पोरं विचारायची, दादा, तुमचं ते काय ते एकदा बोला ना. ते म्हणायचे, “काम करा.” मास्तर भाऊ दर महिन्याला खारीला यायला लागले. आधीही यायचे, पण आता येऊन दादांजवळ बसायचे. दोघं काय बोलायचे कुणास ठाऊक. एकदा दादांनी मला सांगितलं, “माझा भाऊ मला गणित शिकवतोय. मारकुटा मास्तर हाय.” सांगताना कानापर्यंत हसत होते.

प्रज्ञा तिसऱ्या वर्षाला गेली, मग शेवटच्या. कॉलेजात तिचं नाव बोर्डावर लागायला लागलं. दादा कुणाला सांगत नसत, पण मला ऑफिसात येऊन सांगून जायचे, काचेला काळ्या बोटांचे डाग ठेवून.

शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. सकाळी कामावर निघताना बूट घालायला वाकले ते उठले नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला फोन आला तोवर अकरा वाजत आले होते, मी बिलं लिहीत होते. मी बिलं तशीच टाकून निघाले. रिक्षात मला रडूसुद्धा येईना. काल संध्याकाळी काचेवर टकटक करून गेलेला माणूस, तो कसा काय जाईल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मी पोहोचले तेव्हा चाळीच्या बोळात माणसं मावत नव्हती. दारात मांडव, विहारातली माणसं वंदनेसाठी बसलेली. दादांना पांढरा शर्ट घातला होता. सम्यक पुण्याहून निघाला होता. मी प्रज्ञाला शोधलं. ती कुठे दिसेना. मास्तर भाऊही दिसेनात.

शेजारच्या बाईला विचारलं. तिनं खाली मान घालून सांगितलं, “पेपरला गेलीय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाप दारात ठेवलेला, आणि पोरगी पेपरला? मी या घराच्या इतकी जवळची, मुलींनी शिकावं म्हणून जगाशी भांडणारी, आणि मलाही क्षणभर तिचा राग आला. आजूबाजूला कुजबुज चालू होतीच. काळीज आहे का, कसली ही शिकलेली पोर. मग कळलं की ती जायला तयारच नव्हती. बापाच्या पायाला धरून बसली होती. वहिनींनी तिला उठवलं, मोरीत नेऊन स्वतः तिचं तोंड धुतलं, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र घातलं आणि मास्तरांना म्हणाल्या, हिला घेऊन जा, बाहेर बसून राहा आणि घेऊन या.

दुपार झाली. सम्यक येऊन पोहोचला. ऊन चढलं. गावाकडचे, आता इकडेच राहणारे एक वयस्क नातेवाईक उठले. “किती थांबायचं? पोरगा आलाय ना. आता कुणासाठी थांबायचं?”

वहिनी उंबऱ्याशी बसल्या होत्या. मोठ्यानं न बोलणारी बाई. त्या म्हणाल्या, “लेक येईल.”

“कवा?”

“पेपर सुटल्यावर.”

“अगं, लोकं काय म्हणतील?”

“थांबायचं नसंल त्यांनी जावं,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना मी हलवू देणार न्हाई.”

कुणीच गेलं नाही. शेठ कारखाना बंद करून आला होता, तोही उन्हात रुमाल डोक्यावर घेऊन उभा राहिला. सगळी पोरं बोळाच्या कडेनं उभी राहिली. एवढी मोठी माणसं, वयानं, मानानं, नात्यानं, एका मुलीचा पेपर सुटायची वाट बघत होती.

ती आली तेव्हा पुढे मास्तर होते, रस्ता करून देत. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं, बोटांना शाई लागलेली. बोळातली माणसं बाजूला झाली. ती आत आली आणि आईसमोर उभी राहिली.

“सगळं लिहिलंस?” वहिनींनी विचारलं.

“शेवटचा प्रश्न राहिला.”

“पुढचा कधी हाय?”

“परवा.”

“परवाबी जायचं.”

तिनं मान हलवली. मग ती बापाजवळ जाऊन बसली, त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि सकाळपासून आवरून धरलेलं सगळं रडली. ऊन कलत होतं. तिला कुणी घाई केली नाही.